डबा वाचणारा माणूस

प्रोटीनचा डबा घेऊन मैदानावर येणाऱ्या पोराला आबा कधी हाकलून देत नसत. त्यापेक्षा हाकललं असतं तर बरं, असं त्या पोराला वाटायचं. आबा डबा हातात घेत, मैदानाच्या कठड्यावर बसत, खिशातून भिंग काढत आणि डब्यावर छापलेलं एकूण एक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवत. साखर किती, रंग कुठला, वास कशाचा, कोरड्या जागी ठेवावे, लहान मुलांपासून दूर ठेवावे, तक्रार असल्यास कुठं कळवावे, सगळं. आम्ही समोर मांडी घालून पोथी ऐकल्यासारखे बसायचो आणि डब्याचा मालक मान खाली घालून उभा असायचा. वाचन संपलं की आबा एका कागदावर दोन मुठी फुटाणे आणि दोन मुठी शेंगदाणे ओतत. एका मापातल्या पावडरीत जेवढं प्रथिन, साधारण तेवढंच या ढिगात आहे, असं सांगत आणि तो ढीग त्या पोराला तिथंच बसून संपवायला लावत. पोरगं चावून चावून दमायचं.

"लेबल वाच. मंग तोंडमा घाल," हे त्यांचं वाक्य. भडगावात निम्म्या पोरांना ते पाठ होतं आणि उरलेल्या निम्म्यांना त्याचा राग होता.

हे सगळं मी आज लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात एका लग्नात एक गृहस्थ माझ्या शेजारी जेवायला बसले आणि वरणबट्टी कुस्करता कुस्करता म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं तुमचं वाटोळं केलं, नाहीतर तुम्ही कुठल्या कुठं गेल्या असत्या." हे मी वीसेक वेळा ऐकलं असेल. दर वेळी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया असते आणि ती मला सहन होत नाही. आबांनी माझं नुकसान केलं हे मला त्या गृहस्थांपेक्षा चांगलं माहीत आहे. ते कसं केलं, किती केलं आणि त्यानंतर काय केलं, हेही मला माहीत आहे. म्हणून पुढं बोलायचा हक्क माझा.

आबा आयुष्यात कधी शंभर मीटरसुद्धा पळाले नव्हते. दीपनगरला वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं काम. त्या पाण्यात नको ती वस्तू कणभर जरी गेली तरी नळ्या कुजतात, असं ते सांगायचे. निवृत्त होऊन भडगावला आले तेव्हा गुडघे गेलेले होते. मोपेडवरून फिरायचे, मे महिन्यातही डोक्याला कानटोपी. एकदा पहाटे रस्त्याच्या कडेला पोलिस भरतीची तयारी करणारी दोन पोरं ओकताना त्यांना दिसली. दुसरा कुणी असता तर पाणी देऊन पुढं गेला असता. आबांनी विचारलं, काय खाल्लं होतं? पोरांनी पळायच्या आधी घ्यायची कुठलीशी पावडर दाखवली. आबांनी त्यातली चिमूटभर कागदात बांधून घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी डबा मागून घेऊन वाचला. त्यात दोन-तीन कप कडक चहाएवढं कॅफीन आहे, ते उपाशीपोटी ढोसलं तर ओकारीच येणार, दुसरं काय, असं सांगायला ते मैदानावर आले आणि मग रोजच येत राहिले. त्यांची शिकवणी अशी सुरू झाली. फी नव्हती. अट एकच, जे तोंडात गेलं ते वहीत लिहायचं.

मी त्यांना एसटी चुकल्यावर धावताना सापडले. आमचं गाव भडगावपासून चार किलोमीटर. बस चुकली की मी कॉलेजपर्यंत पळत यायची. एक दिवस मोपेड बाजूला आली, कानटोपीतून आवाज आला, "सकाळी काय खाल्लंस?" मी म्हटलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि ठेचा. "किती?" एक. "दोन खा. आणि उद्या मैदानावर ये." नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

आबांच्या मैदानावर 'थकले' हा शब्द चालत नसे. थकवा म्हणजे काय ते आकड्यात सांगायचं. एक म्हणजे आत्ता झोपून उठले, दहा म्हणजे चटईवरून उठवत नाही. सकाळी डोळे उघडताच अंथरुणातच नाडी मोजायची आणि तो आकडाही लिहायचा. घरचे हसायचे. माझा बाप कपाशीला पाणी देऊन घरी आला की मला चिडवायचा, "माले इचार ना, मन्हा थकवा कितला शे ते." आणि मी खरंच विचारलं की गंभीर होऊन "सात" म्हणायचा.

आबांच्या घरात त्यांच्यापेक्षा वरचढ एकच माणूस होतं, त्यांची बायको. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. जळगावात सप्लिमेंटचं मोठं दुकान असलेल्या एका दुकानदारानं आबांना एकदा आव्हान दिलं. हा थकवा घालवणारा पुडा घ्या, तुमच्या पोरांना तीन आठवडे द्या, फरक पडला नाही तर मी तुमच्या कठड्यावर बसून फुटाणे खाईन. आबा खुशीत आले. त्यांनी बाटल्या आणल्या. निम्म्यांना लाल दोरा, निम्म्यांना हिरवा. एका रंगात पुड्यातली पावडर घातलेलं लिंबू सरबत, दुसऱ्यात नुसतं सरबत. कुठल्या रंगात काय आहे ते खुद्द आबांनाही माहीत असता कामा नये, नाहीतर डोळे हवं तेच बघतात, म्हणून बाटल्या भरायचं काम अक्कांकडे. तीन आठवडे आम्ही प्यालो, पळालो, आकडे लिहिले. आबांनी वह्या गोळा करून बेरजा केल्या आणि सांगितलं की लाल आणि हिरव्यात काही फरक नाही. मग अक्कांना बोलावलं, आता सांगा, पावडर कशात होती?

अक्का भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्या पुडाले मुंग्या लागन्यात पहिलाच दिन. मी फेकी दिना. बठ्ठ्या बाटल्यासमा लिंबूपानीच व्हतं."

आम्हाला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. आबांनी बेरजांचा कागद पुन्हा वरून खाली पाहिला आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला की मी तसा नंतर फार कमी वेळा पाहिला. "म्हणजे मन्ही चाचनी बरोबर शे," ते म्हणाले. दोन्हीकडे एकच पाणी होतं आणि त्यांच्या चाचणीनं फरक नाही असंच सांगितलं होतं. दुकानदाराला त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं की तुमचा पुडा मुंग्यांनी खाल्ला, त्यामुळं निकाल राखीव. दुकानदारानं ते गावभर विनोद म्हणून सांगितलं. आबांनीही सांगितलं, पण त्यांना त्यात विनोद दिसत नव्हता.

असा माणूस चुकणार कुठं, असं कुणालाही वाटेल. तेच मलाही वाटायचं.

मी बारावीत होते. क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी डिसेंबरात धुळ्याला होती. तीन हजार मीटर. पहिल्या सहा मुलींना तिथं राहून शिकायला मिळणार होतं, पक्का ट्रॅक, पक्के प्रशिक्षक. वयाची अट अठराच्या आत, म्हणजे मला ती एकच संधी. आदल्या उन्हाळ्यात मी अकरा मिनिटं दहा सेकंदांत पळत होते. अकराच्या आत आलं की निवड नक्की, असं आबा म्हणायचे. दहा सेकंद कमी करायला सहा महिने हातात होते. बापानं तर गावात सांगूनही टाकलं होतं.

आणि जुलैपासून मी हळू होत गेले.

आधी वाटलं, पावसात मैदान जड झालंय. मग वाटलं, अभ्यासाचा ताण असेल. नाडीचा आकडा वर सरकत होता, थकव्याचा चार होता तो सहा झाला, दिवाळीपर्यंत आठ. कॉलेजचा जिना चढताना मधल्या वळणावर मी बुटाची नाडी बांधायचं नाटक करून श्वास घ्यायची. आबांनी सगळं करून पाहिलं. सराव निम्मा केला, झोप मोजली, रोज दोन केळी वाढवली, भाकरी वाढवली, आठवडाभर पळणं बंद ठेवलं. वही उघडून ते तासतासभर बसायचे आणि त्यांना काही सापडत नसे. एकदा वैतागून म्हणाले, "खाणं बरोबर, झोप बरोबर. मग मन कुठं ठेवलंस तुझं?" त्या दिवशी मी घरापर्यंत रडत गेले. कारण वही बरोबर नव्हती, आणि ते मला माहीत होतं.

मी पाटीवरच्या पेन्सिली खायची.

ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको. पावसाळी मातीच्या वासासारखी ती चव, दातांखाली होणारा तो कुरकुर आवाज. दुकानात छोट्या भावासाठी म्हणून पुडा घ्यायचा आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा. गर्दीत खाता येत नाही, म्हणून मैत्रिणींना टाळायचं. आधी दिवसाला एक, मग चार, मग मोजणं सोडलं. आमच्या वर्गात अजून तिघी तरी खायच्या आणि एकमेकींना ते माहीत नव्हतं. जे तोंडात गेलं ते वहीत लिहायचं, हा आबांचा नियम मी पाळत होते, पण पेन्सिल वहीत कशी लिहायची? केळी दोन, भाकरी तीन, वरण एक वाटी, पेन्सिली सहा? लाजेनं मेले असते. मी नियमाला अपवाद केला आणि त्या एका अपवादानं अख्खी वही खोटी झाली.

दुसरी गोष्ट आबांची. कॉलेजात दर सोमवारी आरोग्य खात्याच्या सिस्टर यायच्या आणि मुलींना लोहाची निळी गोळी द्यायच्या. त्या गोळीचा मुलींमध्ये फार बभ्रा होता. मळमळतं, शी काळी होते. बहुतेक जणी गोळी जिभेखाली धरून मागच्या भिंतीजवळ थुंकून यायच्या. आम्हा पळणाऱ्या मुलींना तेवढीही कसरत नको होती. आम्ही सरळ सांगायचो, आबांनी नको म्हटलंय. आणि त्यांनी खरंच म्हटलं होतं. "माझ्या मैदानावर गोळी नको, गूळ-शेंगदाणे खा, पालेभाजी खा." डबेवाल्यांशी भांडून भांडून त्यांच्या डोक्यात एक रेघ पडली होती. ताटातलं ते चांगलं, बाकी सगळं बाजाराचं. सरकारी दवाखान्याची गोळीही त्यांनी त्याच रेघेच्या पलीकडं टाकली. तिचं लेबल काही वाचलं नाही.

सिस्टर एकदा भांडायला मैदानावर आल्या होत्या. मी तिथंच होते. आबा म्हणाले, माझ्या पोरींना दवाखान्याची गरज नाही, त्या तुमच्यापेक्षा जोरात पळतात. सिस्टर शांत बाई. एवढंच म्हणाल्या, "आबा, पावडर तपासता, पाणी तपासता. एकदा या मुलींचं रक्त तपासा." आबांनी मोपेडला किक मारली आणि निघून गेले. आम्ही पोरी हसलो. मीही हसले.

चाचणीला अकरा दिवस उरले असताना मी आबांच्या घरी वही द्यायला गेले होते. दप्तरातून वही काढताना पेन्सिलींचा पुडा ओसरीवर पडला. अक्कांनी तो उचलला, माझ्या तोंडाकडं पाहिलं, माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली आणि आत हाक मारली.

"पोर पेन्सिली खास, आन तुम्ही वह्या भरी ऱ्हायनात. अंगमा रगत नही तिन्हा."

त्यांच्या आईनं, आजीनं पाहिलेलं दुखणं होतं ते. माती खाणारी बाई, राख खाणारी बाई, पेन्सिल खाणारी पोर. अक्कांना ते ओळखायला भिंग लागलं नाही. आबा त्याच पावली मला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. रक्तातच लोह नाही तर ते प्राणवायू वाहणार कशावर, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माझा थकवा आळशीपणाचा नव्हता, मनाचाही नव्हता. लोहाच्या गोळ्या रोज घ्यायच्या, पण त्यांचा गुण यायला महिने लागतील. आबांनी विचारलं, अकरा दिवसांत किती होईल? डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात दिली. आबा बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांनी कानटोपी काढली. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तीन दिवसांनी माझा बाप जळगावला गेला आणि एक बाटली घेऊन आला. त्याच दुकानदाराकडून. आत पिवळ्या गोळ्या. शर्यतीच्या तासभर आधी दोन घ्यायच्या, थकवा कुठल्या कुठं पळतो, असं दुकानदार म्हणाला होता. बाटलीवर लेबल नव्हतं. बापाला दोष देत नाही मी. त्याला लेक पळताना बघायची होती आणि त्याच्यासमोर दोन माणसं होती, एक काही तरी देत होता आणि एकानं काहीच दिलं नव्हतं. तो बाटली घेऊन आबांकडं गेला, मीही मागं मागं गेले. आबांनी बाटली सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. वाचायला काहीच नव्हतं. मग म्हणाले, "भाऊ, मी चुकलो. सिस्टर सांगत होत्या, मी ऐकलं नाही. माझ्यावर काय राग काढायचा तो काढा. पण हे पोरीला देऊ नका. रक्त नसलेल्या अंगात हृदय पळवायचं म्हणजे खेळ नाही. आणि यात काय आहे ते मलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही, त्यालाही नाही."

बाप म्हणाला, "चुकनात तुम्ही, आन आते आयकानं बी तुम्हनंच?"

आबांनी बाटली त्याच्या हातात परत दिली. दोघंही माझ्याकडं बघायला लागले, कारण गोळी शेवटी माझ्या तोंडात जाणार होती. मी त्या दिवशी शहाणपणानं काही ठरवलं असं म्हणणार नाही. मला निवड हवी होती, जीव तुटेल इतकी हवी होती. पण मी आबांच्या तोंडून 'चुकलो' हा शब्द ऐकला होता आणि त्या दुकानदाराच्या, बापाच्या, कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. माझ्या स्वतःच्या तोंडूनही नाही, पेन्सिलींबद्दल. मी बाटली बापाच्या हातातून घेतली आणि मोरीत रिकामी केली. बाप माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

आबांचं म्हणणं, पळूच नको. डॉक्टरांचं म्हणणं, पळायचंच असेल तर जिवावर उदार होऊन पळू नको. मी पळाले. आबांचं सांगणं मोडायचं तर निदान या वेळी उघडपणे मोडावं, असं वाटलं. आबा माझ्यासोबत एसटीनं धुळ्याला आले, मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि साडेसात फेऱ्यांत त्यांनी एकदाही 'जोर लाव' म्हटलं नाही. दर फेरीला फक्त "बरं वाटतं ना?" विचारायचे. मी अकरा मिनिटं त्रेपन्न सेकंदांत आले. चौदा जणींत बारावी. परतीच्या एसटीनं पारोळा सोडलं. मग मी त्यांना पेन्सिलींचं सगळं सांगितलं, केव्हापासून, किती, कुठं लपवून. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जिच्यात हे लिहायला तुला लाज वाटावी अशी वही मी ठेवायला लावली, तर तीही माझीच चूक."

त्या सोमवारी आबांनी मैदानावर सगळ्यांना बोलावलं. पोरं, पोरी, त्यांचे आईबाप. सिस्टरांनाही निरोप होता. आबांनी उभं राहून माझ्या हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला, मला विचारूनच. मग सिस्टर काय म्हणाल्या होत्या, आपण काय उत्तर दिलं होतं आणि मोपेडला किक कशी मारली होती, ते सगळं सांगितलं. पाठीमागून कुणी तरी म्हणालं, म्हणजे आता डब्यालाही परवानगी ना? आबा एकदम कडाडले.

"मी चुकलो म्हणून डबा बरोबर ठरत नाही."

निम्मी पोरं पुढच्या महिन्याभरात निघून गेली. जळगावच्या दुकानदारानं माझी गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाईकाला सांगितली, म्हाताऱ्याच्या नादानं पोरीचं करिअर गेलं. गावात लोक आबांना बघून विषय बदलायचे. ते रोज पहाटे येतच राहिले. आता दर सोमवारी सिस्टर मैदानावर गोळी द्यायच्या आणि आबा शेजारी लिंबाचं पाणी घेऊन उभे असायचे, लिंबानं लोह अंगी लागतं म्हणून. गोळीच्या आगेमागे तासभर चहा बंद, चहानं ते वाया जातं म्हणून. यावरून कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी त्यांचं रीतसर भांडण झालं, कारण पोरी त्याच्या टपरीवरून जाऊ लागल्या की आबा मोपेडवरून पाळत ठेवायचे. जी पोरगी मळमळतं म्हणेल तिला गोळी जेवणानंतर. जी थुंकेल तिच्याशी भांडण. शी काळी होणार हे ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचे, एवढं मोठ्यानं की लाजायला कुणाला जागाच उरायची नाही. आणि माझं बघून एका मुलानं गोळ्या मागितल्या, तेव्हा आधी त्याचं रक्त तपासून आणलं. पंधरा निघालं. आबांनी त्याला गोळी दिली नाही. ज्याला कमी आहे त्यालाच द्यायची, जास्त झालेलं लोहही विषच, असं म्हणाले आणि तो रुसून गेला.

माझी भूक बदलली. फेब्रुवारीत कधी तरी पेन्सिलीचा पुडा दप्तरात तसाच पडून आहे, हे माझ्या लक्षात आलं. मार्चमध्ये जिना चढले आणि वर पोचल्यावर आठवलं की मधे थांबले नाही. नाडी खाली आली. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं.

मे महिन्यातली ती सकाळ. ऊन व्हायच्या आत सराव उरकायचा म्हणून आम्ही उजाडताच यायचो. त्या दिवशी बाकी कुणी आलं नव्हतं. आबांनी स्टॉपवॉच काढलं आणि म्हणाले, "तीन हजार काढू." ना निवड होती, ना प्रतिस्पर्धी. मातीचा ट्रॅक, कडेला एक म्हातारा आणि त्याची मोपेड. मी पळाले. पाचव्या फेरीत मला कळलं की माझ्यात अजून आहे. सहाव्या फेरीतही होतं. शेवटच्या अर्ध्या फेरीत मी असा जोर लावला की बूट सुटून गेला आणि एका बुटावर रेघ ओलांडली.

आबांनी घड्याळाकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. भिंग काढलं.

"दहा अठ्ठेचाळीस."

धुळ्याला सहावी आलेली मुलगी दहा अठ्ठावन्नला आली होती. ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. मी गुडघ्यांवर हात ठेवून उभी होते आणि आनंद व्हायच्या आधी मला राग आला. पाच महिने दाबून ठेवलेला सगळा राग. लोकांना मी आबांबद्दल कधी एक वाईट शब्द बोलू दिला नव्हता, पण तिथं लोक नव्हते.

"आबा," मी म्हटलं, "हाई येळ पाच महिना पहिले येवाले पाहिजे व्हती."

"हाव," आबांनी मान डोलावत म्हटलं.

मी थांबले. पुढं काही तरी येईल याची वाट बघत राहिले. तू पेन्सिलींचं लपवलंस, घरच्यांच्याही लक्षात आलं नाही, अजून आयुष्य पडलंय, देवाच्या मनात नव्हतं. माणसं जे जे म्हणतात त्यातलं काही तरी. आबांनी काहीच जोडलं नाही. माझ्यासमोर उभे राहिले, डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलंही नाही, आणि माझा राग त्यांच्या अंगावर पडू दिला.

मग वाकून माझा सुटलेला बूट उचलला, त्यातली माती झाडली, माझ्या हातात दिला आणि विचारलं, उद्या येणार का.

दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले तेव्हा माझ्या दोन फेऱ्या झाल्या होत्या.